इक्वलायझर गावातही घडतो

संपादक महोदय,

दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो. त्याआधी वडशातल्या माझ्या छोट्या ध्वनिमुद्रण खोलीत गाणी अन् खंजिरी भजनं रेकॉर्ड होतात. खोली विटांची, त्यामुळे ढोलकीचा खर्ज घुमतो. त्यासाठी मी इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खर्ज-तार पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं यंत्र, घरीच बांधला.

जुन्या यंत्रांत तांब्याच्या गुंडाळ्या असत. त्या महाग, जड, शिवाय ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतात. गुंडाळीचं काम ऑप-अँप आयसी (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) करू शकतो. त्या मांडणीला जायरेटर म्हणतात. १ किलोओहम व १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर १ हेन्रीची गुंडाळी उभी राहते! तिला १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर जोडला की सुमारे १६० हर्ट्झचा पट्टा हाती येतो. माझ्या खोलीचा घुमारा नेमका तिथेच आहे. ऑप-अँप आयसी एनई५५३२, वीजपुरवठ्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१५ व ७९१५ हे आयसी. ट्रान्सफॉर्मर मात्र वेगळ्या डब्यात ठेवावा आणि ग्राउंडच्या सगळ्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात. यात आळस नको.

संगणकात इक्वलायझर असतोच, हे खरं. पण बटण फिरवताना भजनी बुवा शेजारी उभे राहून “आता खंजिरी मोकळी झाली” म्हणतात, ते मला मोलाचं वाटतं.

आपल्या भागातल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांकडून असा एक तरी संच बांधून घ्यावा, ही कळकळीची विनंती. शिकवायला मी विनामोबदला येईन.

— एक ध्वनिमुद्रक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली