मृगाच्या आत सुभेदारबाबांचं छप्पर

ख्रिस्तात प्रिय मंडळीतील वडीलजन, बंधू-भगिनी आणि पोटासाठी गावाबाहेर गेलेली आपली सगळी लेकरं, सर्वांस सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र महिन्यापूर्वीच जायला हवं होतं. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि चिटणीसाची स्वतःची कांद्याची काढणी यांत राहून गेलं. आता ७ जूनच्या मृगाला जेमतेम पाच आठवडे उरलेत आणि वेदीच्या उजव्या अंगाचे वासे वाळवीने असे पोखरलेत की अंगठा दाबला तर आत जातो. गेल्या पावसाळ्यात पेटीवर पाणी गळलं, तिचे तीन सूर अजून मुके आहेत. म्हणून थेट मुद्द्यावर येतो: मंदिराच्या छपरासाठी मदत हवी आहे. पण सुभेदारबाबांचं नाव निघालं की थेट मुद्द्यावर येणं मला कधी जमलेलं नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

१८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले आणि पुढे खेडोपाडी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांत आपली शेवटच्या बाकावरची. आपल्याकडे ना मोठी शाळा, ना दवाखाना. होतं ते एक दगडी मंदिर, मंगलोरी कौलांचं छप्पर आणि पलटणीत गेलेली पोरं. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून आपल्या आळीतून भरतीला जाण्याचा पायंडाच पडला. बाबा त्यातलेच. मध्य प्रदेशात सागरला रेजिमेंटच्या सेंटरला शिपाई म्हणून गेले, अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार होऊन आले. त्यांच्या टोपीच्या बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन मशीनगन आणि मधे खंजीर. शब्बाथ शाळेतल्या आम्हा पोरांना तो क्रूसच वाटायचा. विचारलं तर म्हणायचे, "तो वेगळा आणि हा वेगळा. दोन्ही उचलायला जड."

खजिनदारांच्या जुन्या दप्तरात मनीऑर्डरची कुपनं खळीने चिकटवून ठेवलेली आहेत. सगळ्यांवर पत्ता एकच, द्वारा ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं टपाल. रकमा दहा, पंधरा, कधी पंचवीस रुपये. संदेशाच्या जागेत बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, 'छपरासाठी'. एका कुपनावर मात्र जास्त लिहिलंय. एकाहत्तरची लढाई १६ डिसेंबरला थांबली. नाताळ झाला तरी बाबांचा पत्ता नव्हता. त्यांच्या आईने त्या वर्षी घरात करंज्या केल्या नाहीत, असं माझी आई सांगायची. नवं वर्ष लागल्यावर पोस्टमन आला तो घरी नाही, पाळकसाहेबांकडे. कुपनावर होतं, 'छपरासाठी. सुखरूप आहे. आईला सांगावे.' म्हणजे घरच्यांच्या आधी बातमी मंडळीला! यावरून त्यांच्या घरच्या काकूंनी त्यांना पुढे किती वर्षं ऐकवलं ते आळीला माहीत आहे.

पण घराकडे दुर्लक्ष केलं, असं त्यांच्या वैऱ्यानेही म्हणू नये. दोन महिन्यांच्या सुट्टीत आले की शनिवारी रात्री ओसरीवर कंदील घेऊन बसायचे आणि घरातले सगळे जोडे पॉलिश करून रांगेत लावायचे, टाचेला टाच. मुलींच्या वेण्या स्वतः घालायचे, त्याही परेडला निघाल्यासारख्या घट्ट. काकूंना अर्धांगवायू झाला तेव्हा अकरा वर्षं त्यांचं न्हाणं-खाणं बाबांनी केलं. दोघी मुली सासरहून यायच्या, त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. मंदिराच्या पायऱ्यांशेजारचा सिमेंटचा उतार आहे ना, तो कमिटीने केलेला नाही. काकूंची खुर्ची वर चढेना म्हणून बाबांनी स्वतः थापीने घातला. आज त्यावरून आपल्यातली निम्मी म्हातारी माणसं चढतात.

देणाऱ्यांची आठवण काढायची तर पान पुरणार नाही. मागच्या दुरुस्तीला पिंपरीच्या कारखान्यातल्या आपल्या तिघांनी दिवाळीचा बोनस आणून ठेवला. मस्कतला नर्स असलेल्या ताईने पंखे दिले, तेही वायरिंगसकट. उसाचं पेमेंट अडकलेलं असतानाही एका शेतकरी बांधवाने उधारीवर वाळू टाकली आणि पैसे आजवर मागितले नाहीत. विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळींनी तर आपल्या हंगामाच्या सणाला स्वतःचा मांडव दिला, वर पखवाज वाजवायला माणूसही. देव त्यांचं भलं करो.

आता जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेही बोलतो. बाबांच्या मातीला गाड्या लावायला जागा नव्हती. स्मरणसभेत भाषणं अडीच तास चालली आणि त्यात देणगीचे आकडेही बोलले गेले, टाळ्याही झाल्या. पुढच्या दहा महिन्यांत त्यातले चौघेच दाराशी आले. यादी माझ्याकडे आहे, वाचून दाखवणार नाही. मात्र संगमरवरी पाटी कशी असावी आणि तीवर 'सुभेदार' आधी की मंडळीतले 'वडील' आधी, यावर दोन बैठका भांडून झाल्या. पंचांचा निर्णय असा की छप्पर होईपर्यंत पाटी नाही. बाबांनाही पाटी नको होती. पत्रे टाका, स्वस्त पडतील, असं सुचवणाऱ्यांसाठी बाबांचं उत्तर पूर्वीच देऊन झालंय: "पत्र्याखाली पावसात उपदेश ऐकायचा तर बंकरमध्ये बसल्यासारखं होईल."

हिशेब: वासे, रिपा, कौलं, मजुरी मिळून अंदाज ६ लाख ४० हजार, हाती २ लाख १५ हजार, सुतार निम्मी रक्कम आगाऊ मागतो, १५ मेपर्यंत. जुनी धड कौलं परत वापरणार. रोख खजिनदारांकडे, पावती घ्याच. खाते क्रमांक मंदिराच्या फलकावर, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडून मागवावा. पैसे नसतील तर सागवानी वासा, सिमेंट, एक दिवसाचं काम, काहीही चालेल. कौलं उतरवायला दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर सुरुवात. तरुण संघाने जुने कपडे घालून यावं, जेवण महिला मंडळाकडे. शिडी कुणाकडे उंच असेल तर आधी कळवा, आपली मधल्या पायरीला मोडलीय.

आपला नम्र,
चिटणीस, पंचांच्या वतीने

ता. क. स्मरणसभेत आकडा बोललेल्यांनी नव्याने काही कळवायची गरज नाही. यादीत फक्त खूण करायची राहिली आहे.