यवतेश्वरच्या घाटात या

सातारा,
गुरुवार, रात्री अकरा

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की आई रडते आणि आबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून कागद घेतला. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेला माणूस हातात आलेला कागद अर्धवट टाकणार नाही, एवढा भरवसा आहे. चुका सापडल्या तर लाल पेनानं खुणा करा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, मला कळतं.

आधी तब्येतीचं उरकते. गेल्या आठवड्यातलं कॅन्सरचं स्कॅन होतं तसंच आहे. वाढलं नाही, कमी झालं नाही. आमच्या डॉक्टरांकडं याला चांगली बातमी म्हणतात. गोळ्या एकवीस दिवस घ्यायच्या आणि सात दिवस बंद. बंदच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सावरतात, तोंड आलेलं जरा बसतं आणि मला ठेचा खाता येतो. हाडांचं इंजेक्शन महिन्याला एक. आबा, तुम्ही विचारलं होतं की हाडात गेलंय म्हणतेस, मग पळतेस कशी. दोन बरगड्यांत आणि छातीच्या हाडात आहे. खुबा आणि मांड्या अजून स्वच्छ आहेत. त्या तपासून झाल्यावरच मला परवानगी मिळाली, तीही एका अटीवर: चढ पळायचा, उतार चालायचा. उतारावर हाडांना दणका जास्त बसतो. त्यामुळं घाटात माझं सगळं उलटं असतं. बाकीचे चढाला दमून चालतात आणि उताराला सुटतात. मी चढाला रेटते आणि उतरताना सत्तरीतले आजोबासुद्धा मला मागं टाकतात. वर म्हणतात, "चला मॅडम, आता तर सोपं आहे!"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आपल्या घराण्यात आजवर कुणी लोकांपुढं हात पसरला नाही. तुझ्या ऑपरेशनला विहिरीजवळचं अर्धा एकर गेलं, तेव्हाही नाही." बरोबर आहे. ते अर्धा एकर माझ्या अंगावर आहे, हे मी विसरलेली नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. रागानं आली नाही, खरं सांगते.

शर्यतीच्या निमित्तानं लोकांकडून पैसे गोळा करते, त्या वहीबद्दल तुम्हाला कुणीतरी अर्धवट सांगितलं असणार. ती साधी दोनशे पानी वही आहे. शर्यत यवतेश्वरच्या घाटातली, एकवीस किलोमीटरची. ज्याला वाटेल त्यानं किलोमीटरमागं जमेल तेवढे द्यायचे. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी एक रुपया लिहिलाय, म्हणजे एकवीस रुपये. भाजीवाल्या मावशींनी दहा रुपये मोडून दिले आणि "किलोमीटर-बिलोमीटर मला नगं सांगू" म्हणाल्या. एका बिल्डरनं मोठी रक्कम देऊ केली, पण टीशर्टवर त्याचं नाव हवं होतं. ह्यांनी नको म्हटलं. हिशेब हेच ठेवतात, माझ्या हातात पैसा येतच नाही. कालपर्यंत 1,12,400 रुपये झाले.

ते कशाला लागतात ते सांगते. केमोला खुर्चीत बसलं की चार-पाच तास शेजारच्या बाईशी बोलण्याशिवाय काम नसतं. माझ्या शेजारी खटावकडची एक बाई असायची. तिची बहीण तिला घेऊन यायची, शेतावर रोजानं जाणारी. औषधाचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो. बायकांना एसटीला अर्धं तिकीट. पण बहिणीचा बुडालेला रोज कुठल्या योजनेत बसतो? आदल्या रात्री मुक्काम करायचा तर कुठं? दोघींनी खायचं काय? तिसऱ्या वेळेला ती आलीच नाही. चौथ्याला आली तेव्हा म्हणाली, "भुईमूग काढणी होती, भन म्हणाली पुढच्या बारीला जाऊ." केमो म्हणजे काय सत्यनारायण आहे, पुढच्या पौर्णिमेला घालायला? पण तिला बोलून उपयोग नव्हता. बहीण एक दिवस आली की घरात तीनशे-साडेतीनशे रुपये कमी येत होते.

वहीतले पैसे एवढ्यालाच जातात. सोबत येणाऱ्याचा रोज, मुक्काम, जेवण. आतापर्यंत सतरा बायका. एकीचीही तारीख चुकली नाही.

आता आबा, रयतच्या शाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी काय सांगावं? वर्गात दरवर्षी तुम्ही काय सांगायचात ते मला पाठ आहे, कारण सातवीला मी तुमच्याच वर्गात होते. 1919 साली काल्यात संस्था निघाली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह. कर्मवीर अण्णा गावोगाव फिरले आणि घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं. वसतिगृहातल्या पोरांना जेवायला नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. हे सांगताना तुमचा आवाज बसायचा, मग तुम्ही खडू शोधायचात. मला तेव्हा वाटायचं खडू खरंच हरवतो. अण्णांनी मूठ मागितली तर ती रयतेची, आणि तुमच्या पोरीनं एक रुपया मागितला तर हात पसरला?

आई म्हणेल ते थोर लोक. बरं. मग आई, पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा घालतात, तू स्वतः शंभराची नोट माळेत दिलीस. गोंदवल्याला प्रसादाच्या पंगतीला बसलीस तेव्हा तुला कुणी विचारलं का, की बाई, तुमच्या घराण्यात कुणी फुकट जेवलं होतं का?

भूगोलाच्या मास्तरांसाठी एक गोष्ट. नकाशाचं पुस्तक काढा, कॅनडा. अगदी उजवीकडं अटलांटिकच्या काठाला सेंट जॉन्स. तिथून 12 एप्रिल 1980 ला टेरी फॉक्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा पळत निघाला. हाडाच्या कॅन्सरमुळं उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला, खाली कृत्रिम पाय. रोज साधारण बेचाळीस किलोमीटर. त्याच्या आईनंही आधी त्याला वेड्यात काढलं होतं, हे आईला मुद्दाम वाचून दाखवा. आता सुपीरियर सरोवरावर थंडर बे शोधा. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाल्यावर तो तिथं थांबला, कारण आजार फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता. त्याचं मागणं काय होतं माहीत आहे? देशातल्या प्रत्येक माणसामागं एक डॉलर. दोन कोटी चाळीस लाख लोक, तेवढे डॉलर. तो जिवंत असतानाच ते पुरे झाले. मूठमूठ धान्यच ते, आबा, फक्त डॉलरमध्ये.

पण मला टेरीपेक्षा जवळची वाटते ती इंग्लंडमधल्या लीड्सची जेन टॉमलिन्सन. तीन पोरांची आई, दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करणारी. पहिल्यांदा स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा सव्वीस वर्षांची. 2000 साली तो हाडांत गेला आणि तिला सहा महिने सांगितले. दुसऱ्यांची हाडं रोज बघणाऱ्या बाईला स्वतःच्या फिल्ममध्ये काय दिसलं असेल, हे मला रात्री कधीकधी आठवतं. त्यानंतर ती लंडनची मॅरेथॉन पळाली. 2004 साली फ्लोरिडात पावणेचार किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, एका दमात. 2006 साली सायकलवरून अख्खी अमेरिका ओलांडली. साडेअठरा लाख पौंड जमवले. सप्टेंबर 2007 मध्ये गेली, त्रेचाळीस वर्षांची. मी यंदा चव्वेचाळीस. म्हणजे मी तिच्यापेक्षा थोरली झाले.

हे वाचून लोक म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, "बघ, इच्छाशक्ती असली की माणूस आजारावर मात करतो." तेवढं म्हणू नका. तिनं मात केली नाही. ती गेली. सात वर्षं औषधं घेऊन, मधे केमो घेऊन, मग गेली. मला शाळेत परवा "कॅन्सरयोद्धा" म्हणून शाल घातली, तेव्हाही मी हेच बोलले आणि मुख्याध्यापकांचं तोंड उतरलं. पळून आजार बरा होत नाही. पळून झाल्यावर थकवा कमी वाटतो, झोप लागते, आणि दोन तास मी पेशंट नसते. एवढंच मिळतं, आणि मला ते पुष्कळ झालं.

आई, आता तुझ्याशी.

गेल्या महिन्यात माळावरच्या घरची धाकटी सून साताऱ्यात माझ्या दारात आली. नवऱ्याला खाली मोटारसायकलपाशी उभं केलं आणि वर येऊन बराच वेळ नुसती चहाच्या कपाकडं बघत बसली. मग म्हणाली, "ताई, तुमचं मणक्याचं होतं ना? माझं जरा निराळंच आहे." तिला गाठ होती. आठ महिन्यांपासून. दुखत नव्हती म्हणून आणि लाजेनं कुणाला बोलली नाही. फक्त एकदा तिनं तुला विचारलं होतं, मळणीच्या वेळी: "काकी, ताईला नेमकं काय झालं होतं?" आणि तू म्हणालीस, "मणक्याचं होतं बाई. झाली बरी. आता तर पळते."

मी तिला त्याच दिवशी दाखवायला नेलं. तुकडा तपासायला दिला. कॅन्सर आहे, काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय, पण लांब कुठं नाही. तिचा बरा होण्यासारखा आहे. आठ महिन्यांपूर्वी अजून सोपा होता, हे डॉक्टर तिला बोलले नाहीत, मला बोलले.

तुला दोष द्यायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. थोडा देते. मला माहीत आहे तू का सांगितलंस. नातीच्या लग्नाच्या वेळी कुणी "यांच्यात कॅन्सर आहे" म्हणू नये म्हणून. मला बघायला बायकांनी रांग लावू नये म्हणून. आणि तो शब्द तुझ्या तोंडातून निघाला की तो खरा होईल म्हणून. पण तो तुझ्याशिवायही खराच आहे. तू तिला खरं सांगितलं असतंस तर ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली असती. गावात अजून कुणाकुणाच्या पदराखाली काय आहे, आपल्याला काय ठाऊक?

म्हणून माझं मागणं पैशाचं नाही. वहीत तुमचं नाव मी लिहिणारही नाही, अर्ध्या एकराची नोंद आधीच आहे. मला तुमच्याकडून तीन वाक्यं हवीत. कुणी विचारलं तर म्हणायचं: तिला कॅन्सर आहे. तो बरा होणार नाही. औषध चालू आहे. देवळात, दळणाच्या गिरणीवर, पारावर, कुठंही. आबा, तुम्ही एकदा पारावर बोललात की गावाला पुन्हा सांगायला नको. आणि "बरी झाली" तर मुळीच म्हणायचं नाही. एखादी बाई गोळ्या सोडून पळायला लागेल, ते पाप मला नको.

बायकांनी पळावं का, यावर मी काही लिहित नाही. मोहीच्या ललिता बाबर रिओला फायनलमध्ये पळाल्या तेव्हा तुम्ही दोघं टीव्हीसमोरून उठला नव्हता. आणि आबा, शिंगणापूरचं आठवतं का? चैत्रातली यात्रा, मी पाच-सहा वर्षांची, तुमच्या खांद्यावर. मुंगी घाटातून कावड वर चढत होती. उभा कडा, ऊन, खालून वरपर्यंत माणसांची साखळी, आणि "म्हाद्या, धाव" अशी आरोळी. मी विचारलं होतं, पाणी वर नळाला नाही का? तुम्ही इतकं हसलात की मी खांद्यावरून पडता पडता राहिले. उत्तर मात्र दिलं नाहीत. यवतेश्वरच्या घाटात दम लागला की मला ती साखळी दिसते. माझ्या पुढंमागं हजारो लोक असतात, त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नसतं, तरी कुणीतरी पाठीवर थाप मारून जातं.

शर्यत पुढच्या महिन्यात, रविवारी पहाटे. तुम्ही शनिवारी दुपारच्या दहिवडीच्या गाडीनं निघा. आबांना पंचाहत्तरीच्या वरचे म्हणून फुकट, आईला अर्धं, त्यामुळं खर्चाचं कारण चालणार नाही. आधार कार्ड बरोबर घ्या. मागच्या खेपेला कंडक्टरशी घातलेला वाद पुरे झाला. ह्यांना स्टँडवर पाठवते. थोरलीची चाचणी परीक्षा आहे, पण ती म्हणते आजी आली तर तिच्या शेजारी बसून अभ्यास होतो. धाकट्यानं तुमच्यासाठी खोलीतला पसारा आवरायला घेतलाय, म्हणजे आता दोन्ही खोल्यांत पसारा आहे. आई, येताना हुलग्याचं पीठ आण, आणि तो अंगारा आणलास तरी चालेल. मी लावीन. गोळ्याही घेईन.

पहाटे हे तुम्हाला गाडीनं समर्थ मंदिराच्या पुढं घाटाच्या तोंडाशी सोडतील, रस्ते बंद व्हायच्या आत. स्वेटर घाला, वर धुकं असतं आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही. खुर्च्या देतील. मी वर जाताना हाक मारू नका, श्वास तुटतो आणि मी थांबणार नाही. नुसतं बघा. साधारण दीड-दोन तासांनी मी परत येईन. तेव्हा मी चालत असेन, बरोबर चाला.

तुमची,
माई