तुझा वेग सोडू नकोस

पुणे

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, मी मनाने कच्चा आहे. पुढच्या स्पर्धेपासून मी सेल्बीसारखा खेळणार." स्नूकरचा सामना हरून तू चिडलेला होतास, रूममेटही शेजारीच होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण मला यातलं काहीच पटलेलं नाही. तू मनाने कच्चा आहेस हेही नाही आणि त्यावर मार्क सेल्बीचा संथ, अडवून धरणारा खेळ हा उपाय आहे हेही नाही.

तू पाठवलेला व्हिडिओ मी नीट पाहिला. शेवटची फ्रेम, म्हणजे सामन्यातला शेवटचा डाव, तर थांबवत थांबवत पाहिली. एरवी तू शॉटची रेषा उभ्यानेच बघतोस, चॉक लावतोस, पाऊल पुढे टाकत खाली वाकतोस, क्यूची काठी तीनदा मागेपुढे करतोस आणि मारतोस. शाळेत असल्यापासून तुझं हे असंच आहे, यात तुझा विचार आधी झालेला असतो. त्या फ्रेममध्ये मात्र तू वाकल्यावर विचार करत होतास. निळ्या चेंडूवर वाकलास आणि नजर गुलाबीकडे गेली. पुन्हा निळ्यावर आली. क्यू पाच-सहा वेळा मागेपुढे झाला. मूठ इतकी आवळलेली की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं व्हिडिओतसुद्धा दिसतं. मूठ आवळली की क्यू सरळ जात नाही, हे तुला मी सांगायला नको. निळा पॉकेटच्या तोंडावर खडखडला आणि बाहेर आला. त्यानंतरच्या संधीला तू खुर्चीतून उठलास आणि चॉकही न लावता मारलास. तुझे सर म्हणतात तू घाईत हरलास, ते त्या शॉटपुरतं खरं आहे. पण ती घाई तुझ्या नेहमीच्या खेळातली नव्हती. तुझा वेग ठरवून येतो. त्या दिवशीचा वेग "एकदाचं हे संपू दे" म्हणून आलेला होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे लोक सरसकट सल्ला देतात की हळू खेळ.

हळू खेळूनही भीती जात नाही, उलट तिला बसायला जागा मिळते. संथ खेळणं हे ज्याच्या अंगात आहे त्याचं बळ असतं. गाण्यात कुणाचा विलंबित रंगतो, कुणाचा द्रुत, दुसऱ्याची लय उसनी घेऊन मैफल उभी राहत नाही. खेळातही हेच आहे.

पीटर एबडनचं उदाहरण घे. 2002 चा विश्वविजेता. 2005 साली विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत, शेफील्डच्या क्रूसिबल सभागृहात, उपांत्यपूर्व फेरीत तो रॉनी ओ'सलिव्हनसमोर 8–2 असा मागे होता आणि सामना 13–11 ने जिंकला. त्या सामन्यात त्याने 12 गुणांचा एक ब्रेक, म्हणजे एका पाळीतले सलग गुण, करायला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. ओ'सलिव्हनने 1997 मध्ये त्याच सभागृहात अख्खा 147 चा, म्हणजे पूर्ण गुणांचा, ब्रेक 5 मिनिटं 8 सेकंदांत केला होता, म्हणजे त्याहून कमी वेळात. एबडनवर खूप टीका झाली, रडीचा डाव म्हणाले लोक. मला तो सामना फार आवडतो. 8–2 ने मागे पडलेला माणूस एकेका शॉटसाठी स्वतःला हवा तेवढा वेळ घेतो, सभागृह चुळबुळ करतंय, समोरचा खुर्चीत तडफडतोय आणि हा आपल्या पद्धतीपासून इंचभरही हलत नाही, याला धैर्य लागतं. तसं खेळणं एबडनचं होतं. ते तुझं नाही.

आणि समोर बसलेल्या ओ'सलिव्हनकडेही बघ. तुला तो आवडतो, कारण तुझी चाल त्याच्यासारखी आहे. पण या माणसाने काय काय भोगलंय ते लक्षात घे. 2006 मध्ये यूके चॅम्पियनशिपमध्ये स्टीफन हेंड्रीविरुद्ध 4–1 ने मागे असताना, नऊ फ्रेम जिंकायच्या सामन्यात, तो हात मिळवून सरळ निघून गेला. नैराश्याबद्दल तो स्वतः उघड बोलला आहे. 2011 पासून स्टीव्ह पीटर्स या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्याने काम केलं, आणि 2012 व 2013 अशी लागोपाठ दोन विश्वविजेतेपदं जिंकली. पुढे 2020 आणि 2022 मध्येही. शेवटचं जिंकलं तेव्हा तो 46 वर्षांचा होता. या सगळ्यात त्याने काय सोडलं नाही? वेग. मनाची मशागत केली, खेळाची चाल तीच ठेवली.

त्याच्या खेळात एक भर मात्र पडली, आणि ती तुला हवी आहे. 2004 च्या सुमारास सहा वेळचे विश्वविजेते रे रीअर्डन त्याला मार्गदर्शन करत होते. रीअर्डन म्हणजे सेफ्टीचे, समोरच्याला सोपा शॉट मिळू न देणाऱ्या माऱ्याचे, उस्ताद. त्या वर्षी ओ'सलिव्हनने अंतिम सामना 18–8 ने जिंकला. सेफ्टी शिकला म्हणजे तो संथ झाला असं झालं नाही. पॉट, म्हणजे चेंडू पॉकेटमध्ये घालायची संधी, नसेल तेव्हा काय करायचं हे त्याला आधीच माहीत असायचं, म्हणून तिथेही तो चटकन मारायचा. तुझं नेमकं इथे अडतं. लाल पॉट होण्यासारखा असला की तुझ्याइतका निश्चिंत कुणी नाही, आणि नसला की तू टेबलाभोवती फिरत राहतोस, शेवटी वैतागून अर्धामुर्धा लाँग पॉट मारतोस. त्याला मी मनाचा कच्चेपणा म्हणणार नाही. तो सराव कमी पडतोय. पांढरा क्यू बॉल बॉकच्या, म्हणजे फ्रेम सुरू करतात त्या टोकाच्या, कुशनला चिकटवून ठेवायचं रोज तासभर कर, पाठीमागे हिरवा, पिवळा, तपकिरी सगळे ठेवून. महिनाभरात तुझा स्वभाव बदलल्याचं सगळे म्हणू लागतील.

आता खुर्चीबद्दल. स्नूकरमध्ये मन मारलं जातं ते खुर्चीत. चुकलास की जाऊन बसायचं. समोरचा पन्नास, साठ, नव्वद करत जातो आणि तुला हात लावायचीही मुभा नाही. दुसऱ्या खेळांत चूक पुसायला पुढचा चेंडू लगेच मिळतो. इथे तासभरही मिळत नाही. क्रूसिबलचा अंतिम सामना 35 फ्रेमचा, दोन दिवस चालतो, त्यात असं बसणं किती वेळा येत असेल बघ. 1994 मध्ये जिमी व्हाइट त्याच्या वाढदिवशी, 2 मे रोजी, 17–17 वर खेळत होता. समोर हेंड्री, ज्याचा हात त्याच स्पर्धेत दुखावला होता. शेवटच्या फ्रेममध्ये व्हाइट पुढे होता, स्पॉटवरचा काळा त्याने चुकवला आणि खुर्चीत जाऊन बसला. हेंड्रीने 58 चा ब्रेक करून विजेतेपद नेलं. व्हाइट सहा अंतिम सामने खेळला आणि सहाही हरला, त्यातले पाच लागोपाठ, 1990 ते 1994. लोक म्हणतात त्याच्याकडे मन नव्हतं. मला हे ऐकवत नाही. पाच वर्षं सतत अंतिम सामन्यात येणारा माणूस मनाने कच्चा असेल कसा? 1992 मध्ये व्हाइट 14–8 ने पुढे असताना हेंड्रीने सलग दहा फ्रेम घेतल्या, त्यानंतरही तो पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

आणि हेंड्रीची ताकदही समजून घे. तो एबडनसारखा टिच्चून खेळणारा नव्हता. त्याचा खेळ आक्रमक, निळ्यावरून लालांच्या जुडग्यात शिरायचं आणि एकाच भेटीत फ्रेम मारायची. नव्वदच्या दशकात त्याने सात विजेतेपदं घेतली. 17–17 वर, तशा हाताने, 58 मारताना तो जसा एरवी खेळायचा तसाच खेळला. मी म्हणतो ते कणखर मन मला तिथे दिसतं.

1985 चा अंतिम सामना तुला माहीत असेलच. स्टीव्ह डेव्हिस 8–0 ने पुढे. डेनिस टेलर सामनाभर एकदाही पुढे नाही. शेवटी 17–17, आणि शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर काळा एकटाच, त्यावर विश्वविजेतेपद. मध्यरात्र उलटलेली, ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर. डेव्हिसने एक पातळ कट चुकवला, टेलरने काळा मारला. या गोष्टीत सगळे टेलरचं कौतुक करतात आणि ते रास्त आहे. पण पुढे काय झालं ते फार कुणी सांगत नाही. 1986 मध्ये डेव्हिस पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि जो जॉन्सनकडून हरला. 1987 मध्ये त्याच जॉन्सनला हरवून जिंकला. 1988 जिंकला. 1989 मध्ये जॉन पॅरटला 18–3 ने हरवलं. तो काळा देशभर पुन्हा पुन्हा दाखवला जात असताना हा दर वर्षी त्याच सभागृहात जाऊन खेळत होता. मनाची ताकद मोजायची तर ती अशी वर्षांवर मोजावी लागते, एका शॉटवर नाही. तुझी गेल्या महिन्यातली एक फ्रेम घेऊन स्वतःला कच्चा ठरवू नकोस.

सेल्बीबद्दल राहिलं. तुला वाटतं तो फक्त अडवून धरतो. 2014 मध्ये 10–5 मागे असताना ओ'सलिव्हनला 18–14 ने हरवलं, 2017 मध्ये 10–4 मागे असताना जॉन हिगिन्सला 18–15 ने, तेव्हा अडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही हे खरंच. पण क्रूसिबलच्या अंतिम सामन्यात पहिलं 147 कुणाचं? सेल्बीचं, 2023 मध्ये. आणि तो सामना तो हरला लुका ब्रेसेलकडून. या ब्रेसेलने त्या स्पर्धेआधी क्रूसिबलमध्ये एकही सामना जिंकलेला नव्हता. उपांत्य फेरीत सी जियाहुईसमोर 14–5 ने मागे पडला, सलग 11 फ्रेम घेतल्या आणि 17–15 ने जिंकला. तेही बेधडक पॉट मारत. म्हणजे टिच्चून खेळणारा 147 मारतो आणि बेधडक खेळणारा नऊ फ्रेमची पिछाडी भरून काढतो. शैलीवरून माणसाचं मन ओळखता येत नाही, सोहम. आणि हेही सांगायला हवं, की सेल्बीने स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल 2022 मध्ये उघडपणे लिहिलं. तू ज्याला कणखरपणाचा पुतळा समजतोस त्यालाही मदत मागावी लागली. ती मागितली म्हणून मला तो अधिक मोठा वाटतो. तुला कधी झोप लागेना, टेबलाकडे जावंसं वाटेना, असं झालं तर मला किंवा आईला सांग, आपण चांगला डॉक्टर शोधू. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आपल्याकडची माणसंही डोळ्यांसमोर ठेव. याच पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, वैयक्तिक खेळातले भारताचे ते पहिले विश्वविजेते. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचा, घडला तो तू आता आहेस त्या बेंगळुरूत, अरविंद सावूरांच्या हाताखाली. मुंबईचा आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे डिंग जुनहुईने त्याला एकही फ्रेम दिली नाही. पण घरच्या प्रेक्षकांसमोर, व्यावसायिकांच्या रांगेत तिथवर पोचणं काय असतं याचा विचार कर.

तर तुझ्यासाठी काय? चाल तीच ठेव. निर्णय उभ्याने घे. खाली वाकल्यावर मनात दुसरा शॉट आला तर सरळ उभा राहा, चॉक लाव, पुन्हा ये. पंच काही म्हणत नाही. खुर्चीत बसलास की समोरच्याचे गुण मोजू नकोस, टेबलावर लाल कुठे पडलेत ते बघत राहा, म्हणजे उठशील तेव्हा अर्धा निर्णय झालेला असेल. आणि सरांना सांग की मला हळू करू नका, सेफ्टी शिकवा. ते रागावणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. रागावले तर मी बोलेन.

क्यूची टिप बदलायची म्हणत होतास, पैसे आज पाठवले आहेत. सामन्याच्या आदल्या दिवशी बदलू नकोस, बसायला वेळ लागतो. आईने मेतकूट आणि लसणाची चटणी कुरिअरने पाठवली आहे, पोचली की कळव. रविवारी फोन कर, पण रात्री नऊनंतर, त्याआधी मी क्लबवर असेन.

तुझा,
बाबा