मोंबासाच्या मशिदी आणि सिमेंटचा गिलावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला केनियावरचा लेख वाचला. मसाई मारातल्या सिंहांना पानभर जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण मोंबासाचे जुने गाव लेखकाने ‘पडक्या घरांची दाटी’ म्हणून एका ओळीत संपवले, ते मनाला लागले. मी पेशाने स्थापत्य अभियंता. किलिंडिनी बंदराच्या कामानिमित्त काही वर्षे त्या शहरात राहिलो आहे. ती घरे आपोआप पडकी झालेली नाहीत, एवढे तरी वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

फोर्ट जीझस हा किल्ला सगळेच पाहतात. पोर्तुगिजांनी तो १५९३ मध्ये बांधायला घेतला. आराखडा कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा. हा माणूस गोव्यातून पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील ठाण्यांच्या तटबंदीचे काम पाहत असे, म्हणजे आपल्या किनाऱ्याशी या किल्ल्याचे नाते थेट आहे. १६९८ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर ओमानच्या अरबांनी तो घेतला. २०११ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. मात्र यादीत नाव आहे ते किल्ल्याचे. त्याला लागून असलेल्या जुन्या गावाला तो मान नाही आणि खरी पडझड तिथेच आहे.

किल्ल्यातून बाहेर पडून गल्ल्यांनी चालत गेले की मंधरी मशीद लागते. ती १५७० च्या सुमाराची, म्हणजे किल्ल्याहूनही जुनी मानतात. पांढरीशुभ्र, वर निमुळता होत गेलेला बुटका मिनार. या किनाऱ्यावरच्या जुन्या मशिदींना सहसा मिनार नसत, म्हणून तो मुद्दाम पाहावा. गावातली बाशेख मशीदही फार जुनी. दोन्ही ठिकाणी आजही नमाज होते. ती काही पुराणवस्तू नव्हेत.

ही सगळी बांधकामे प्रवाळाच्या दगडाची. भिंतींना ओबडधोबड प्रवाळी दगड आणि चुना. नक्षीसाठी समुद्रातून ओला काढलेला बारीक पोताचा प्रवाळ वापरत. तो ओला असताना मऊ असतो, हवेत सुकला की घट्ट होतो. छताला खारफुटीचे वासे. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून तिथल्या जुन्या खोल्या लांबट आणि चिंचोळ्या. प्रवाळ सच्छिद्र असल्याने भिंत जमिनीतली ओल आणि समुद्राचा खार ओढून घेते. वर चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल बाहेर निघून जाते. सिमेंटचा असेल तर आत कोंडते. मिठाचे स्फटिक धरतात, दगडाचे पीठ होते आणि भिंतीत रुतलेली वाशांची टोके कुजतात. न्दिया कू रस्त्यालगतच्या एका घरात तिथल्या वयस्क गवंड्याने मला गिलाव्याचा पोपडा हाताने ओढून दाखवला. मागे दगड उरलाच नव्हता, ओला भुगा खाली सांडला. घरमालकाने नुकतीच, पदरचे पैसे खर्चून, मोठ्या हौसेने डागडुजी करून घेतली होती. त्याला बोल कसा लावायचा? सिमेंट हाताशी, काम चार दिवसांत उरकते. चुना विरवून मुरवायलाच आठवडे जातात आणि तो हात असलेले गवंडी कमी होत चालले आहेत.

झांझिबारला काय झाले ते आपल्याकडेही थोडेफार छापून आले असेल. सुलतान बरघशने १८८३ मध्ये बांधलेल्या ‘बैत अल अजायब’ या राजवाड्याचा मोठा भाग २५ डिसेंबर २०२० रोजी कोसळला. दोन कामगार गेले. डागडुजी चालू असताना ही इमारत पडली आणि ती तर जागतिक वारसा यादीतल्या स्टोन टाउन या तिथल्या जुन्या गावातली! मोंबासाच्या गल्लीतल्या खासगी घराकडे कोण बघणार, ही धास्ती मला त्या दिवसापासून आहे.

मी वसईला राहतो. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांना, मशिदींना, चर्चना चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलेले पाहतो तेव्हा तोच ओला भुगा डोळ्यांपुढे येतो. दगड वेगळा असला तरी खारी हवा तीच आहे.

तेव्हा दोन विनंत्या. आपल्याकडून जाणाऱ्या सहल कंपन्यांनी मोंबासात किल्ल्याला तासभर देऊन बस हलवू नये. अर्धा दिवस जुन्या गावासाठी ठेवावा, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि नमाजाची वेळ टाळून, परवानगी विचारून मशिदींपाशी जावे. घरमालकाला चुन्याचा खर्च परवडायचा तर गावात चार पैसे यायला हवेत. दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीत पुन्हा मोंबासा येईल तेव्हा त्या भिंतींबद्दल तिथल्या एखाद्या गवंड्याला विचारून लिहावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, वसई