स्कूटरचा विमा भरण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न.

स्कूटरचा विमा संपत आलाय आणि "गाडी जुनी झाली, थर्ड पार्टी पुरे" असं एजंट म्हणतोय, हे बाबांनी सांगितलं. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा विमा. गाडीपुरतं त्याचं बरोबर आहे. पण मागे आई बसते, आणि पारोळा-एरंडोल-जळगाव असं तुमचं सगळं येणंजाणं हायवेवरून. एकाच स्कूटरवरून दोघं पडलात तरी विम्याच्या हिशोबात दोघांची खाती वेगळी.

ट्रकने मागून ठोकलं तर गोष्ट सरळ आहे. ट्रकच्या विमा कंपनीसाठी तुम्ही दोघंही तिऱ्हाईत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दोघांचे दोन अर्ज. अपघात धुळ्याकडे झाला तरी राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. कायद्याने मुदत सहा महिन्यांची, ती धरूनच चाला. बाबांची काही टक्के चूक ठरली तर बाबांची रक्कम तेवढी कापली जाते, आईची नाही.

घोळ होतो तो आपणहून पडल्यावर. कुत्रं आडवं आलं, साइडपट्टीवरून चाक खाली गेलं. अशा वेळी बाबांना मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे, पण ते मृत्यूसाठी, हात-पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी. पाय मोडला, प्लेट घातली, तीन महिने खाटेवर काढले, तर एक रुपया नाही. शिवाय आरसी बुकावर नाव बाबांचंच हवं आणि लायसन्स चालू हवं. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनीच वाढतं, तेव्हा तारीख आजच बघा. दादाच्या नावावरची गाडी बाबांनी चालवली तर हे कव्हर लागूच होत नाही.

आणि आईला? नुसत्या थर्ड पार्टीत काहीच नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येते, फक्त गाडी चालवणाऱ्याची चूक दाखवावी लागते. म्हणजे अर्जदार आई आणि सामनेवाले बाबा! हसू नका, कागदावर असंच लिहितात. म्हणून पॅकेजच घ्या आणि मागे बसणाऱ्याचं वैयक्तिक अपघात कव्हर जोडून मागा.

आता कागदांचं, कारण दावे इथेच बिघडतात. दवाखान्यात पहिला केसपेपर निघतो तेव्हा डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" सोबतचा माणूस पोलिसांची कटकट नको म्हणून "गाडी स्लिप झाली" सांगून मोकळा होतो. ती एक ओळ कंपनीचा वकील वर्षभराने वाचून दाखवतो, की ट्रकचा संबंधच नाही. ट्रकने ठोकलं असेल तर तसंच लिहायला सांगा, गाडीचा नंबर द्या, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायला लावा. फिर्याद उशिरा दिलीत तर उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहून घ्या. जबाब वाचल्याशिवाय सही नको.

जागेवर गाड्या हलवण्याआधी नंबरप्लेटसकट फोटो काढायला कुणालाही सांगा. पोलिसांना ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पोलिसांकडे नोंद झाली की केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत दीड लाखांपर्यंत, सात दिवसांपर्यंत उपचार बिनपैशांनी होतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख.

मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं ठेवून घेते. देण्याआधी प्रत्येक बिलाची, औषधाच्या पावतीची प्रत काढा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते वजा होत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे.

बाबा, सातबारा लावला की उत्पन्न सिद्ध झालं असं समजू नका. समोरचा वकील म्हणतो, शेत तर जागेवरच आहे, नुकसान कसलं? नुकसान असतं ते तुमच्या देखरेखीचं आणि अंगमेहनतीचं. म्हणून कापसाच्या विक्रीच्या पावत्या आणि नंतर लावलेल्या सालदाराला दिलेल्या पैशांची नोंद हवी. अपंगत्वाच्या दाखल्यातली टक्केवारीही नीट वाचा: "पायाचं ४० टक्के" म्हणजे अख्ख्या शरीराचं ४० टक्के नव्हे. त्या पायाने औत हाकता येत नाही, वाफ्यात उकिडवं बसून पाणी देता येत नाही, हे डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं तर कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरण ठरवतं.

तडजोडीला कुणी घरी आलं तर "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या पावतीवर हाडं जुळेपर्यंत सही करू नका. प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन पुष्कळदा बाकीच असतं.

आरसी, लायसन्स आणि जुन्या पॉलिसीची दोन्ही पानं, यांचे फोटो आज संध्याकाळी पाठवा. एजंटला पैसे त्यानंतरच द्या. आई, मागच्या सीटचं हेल्मेट माळ्यावर आहे, ते उतरवून घे.

तुमची,
ताई