पडवीतली मुळं जाळू नका

ल्यों (फ्रान्स), रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, पावसाआधी पडवी मोकळी करायचीय, बाबांनी जमवलेली झाडांची मुळं बंबाला लावायची ठरलंय. मी 'बरं' म्हणून मोकळी झाले. काल मात्र असं काही बघून आले की आल्या आल्या फोन केला आणि पत्र येईपर्यंत कोयता हातात घेऊ नका म्हणून सांगितलं. ते का, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

इथून गाडीने सव्वा तासावर ओतरीव नावाचं खेडं आहे. फर्दिनां शव्हाल हा तिथला पोस्टमन. फ्रेंचमध्ये शव्हाल म्हणजे घोडा, आणि माणूस चाललाही तसाच. रोजची बीट बत्तीसेक किलोमीटर, सगळी पायी. बाबा, तुमची सायकल उतारावर तरी बसू द्यायची! एकट्यानं एवढं चालताना डोकं रिकामं थोडंच राहतं? हा मनातल्या मनात राजवाडे बांधायचा. एकदा तर स्वप्नातच एक बांधून काढला. लोक हसतील म्हणून कुणाला बोलला नाही आणि पुढे स्वतःही विसरला. पंधराएक वर्षांनी, १८७९ मध्ये, वाटेत एका दगडाला ठेचकाळला. तेव्हा वय त्रेचाळीस. दगडाचा आकार इतका चमत्कारिक की त्यानं तो खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी सापडले, पाण्यानं घडवलेले. मूर्तिकाम निसर्गच करतोय, तर गवंडीकाम मी करतो म्हणाला, आणि ३३ वर्षं, १९१२ पर्यंत, करत राहिला. आधी खिशातून दगड, मग टोपलीतून, मग एकचाकी हातगाडीतून. दिवसा टपाल आणि रात्री दिव्याच्या उजेडात चुना-सिमेंट. गावानं वेड्यात काढला. बायको फाटके खिसे शिवून शिवून वैतागली म्हणे. (आई, हे वाक्य तुझ्यासाठी.)

सव्वीस मीटर लांबीचा तो पसारा. पूर्वेकडून बघितलं की सीझर, त्याच्याशी लढलेला गॉल सरदार व्हर्सिंजेटोरिक्स आणि आर्किमिडीज असे तीन ताडमाड राक्षस उभे. जवळ गेलं की अंगभर लावलेले दगडगोटे दिसतात. कुठे शिंपले, कुठे झाडं, कुठे जनावरं. पश्चिमेकडे मशीद, स्विस घर आणि चक्क एक हिंदू मंदिर! मला काही ते आपलं देऊळ म्हणून ओळखू येईना. पण हा माणूस इकडे कधी आलाच नव्हता. वाटायला आलेल्या पोस्टकार्डांवर आणि सचित्र मासिकांत जग बघायचं, तेवढंच. सुंदर म्हणू का? नाही म्हणवत. गर्दी फार, डोळे शिणतात. तरी दोन तास तिथून पाय निघेना. भिंतीवर त्यानं स्वतःच हिशेब कोरून ठेवलाय, दहा हजार दिवस, त्र्याण्णव हजार तास. हातगाडीलासुद्धा आत वेगळी जागा आहे, देव्हाऱ्यात ठेवावी तशी. आणि ठेच लागलेला तो पहिला दगडही जपून ठेवलाय.

मेल्यावर तिथेच पुरा म्हणाला, ते कायद्यात बसेना. मग ऐंशीच्या घरात गावच्या दफनभूमीत आठ वर्षं खपून स्वतःची कबर बांधली आणि १९२४ मध्ये तिच्यात जाऊन निजला. सरकारनं राजवाड्याला राष्ट्रीय स्मारक केलं ते १९६९ मध्ये.

तुम्ही राजवाडा बांधला नाहीत बाबा. पण खाडीला वाहून आलेलं मूळ टपालाच्या थैलीमागे कॅरिअरला बांधून आणायचात, साल तासून करंजेल चोळायचात. कुणी विचारलं तर म्हणायचात, "मी काय केलं? ते आतच होतं."

आणि तो राखणदार. फणसाच्या मुळाचा. स्वप्नात दिसला तस्साच म्हणालात, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डोळे तेवढे कोरले नव्हते.

आता लिहूनच टाकते. दहावीत मैत्रिणी पहिल्यांदा आपल्याकडे यायच्या होत्या. मला त्या ओंडक्याची लाज वाटली. आदल्या संध्याकाळी मी तो बंबात घातला. अख्खा जाईना, म्हणून काठीचा हात कोयत्याने तोडला. आईनं बघितलं, मला एक धपाटा घातला आणि तुम्हाला सांगितलं की त्याला वाळवी लागली होती, म्हणून जाळला. त्यानंतर दोन दिवस तुम्ही पडवीच्या कोपऱ्यांत रॉकेल शिंपडत होतात, बाकीच्या मुळांना लागू नये म्हणून. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते.

वाळवी नव्हती, बाबा. आई, तुला न विचारता हे सांगितलं, रागावू नकोस.

पडवी मोकळी करायची तर खुशाल करा. मुळं गोठ्यात हलवा, गुरं नाहीत आता तिथे. खाली चिरे मांडा म्हणजे ओल चढणार नाही. गणपतीला येतेच आहे, करंजेल मी चोळते. फणसाचं एखादं मूळ तुमच्या नजरेत असेल तर जागा तेवढी लक्षात ठेवा. आणायला जाऊ नका, गुडघे सांभाळा. मी आल्यावर दोघं मिळून आणू.

तुमची,
बेबी

ता. क. आई, तिथला एकही दगड उचललेला नाही. आल्यावर खिसे तपास हवं तर.