आरसेपमधली निरीक्षकाची खुर्ची घ्या

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य आणि उद्योगमंत्री, यांस

सादर नमस्कार.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारत आरसेपमधून, म्हणजे चीनसह आशिया-पॅसिफिकमधल्या १६ देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या बोलण्यांतून, बाहेर पडला, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना हायसे वाटले. शिरोली एमआयडीसीत माझे मशीन शॉप आहे, पण गावाकडे गोठाही आहे. न्यूझीलंडची दूध पावडर शुल्काविना आली असती तर दूध संघाचा दर किती पडला असता, हे म्हशीची धार काढणाऱ्याला सांगावे लागत नाही. शुल्ककपातीसाठी २०१४ हे आधारवर्ष धरायचे (म्हणजे कपात २०१४च्या दरांपासून मोजायची) आणि आयातीचा लोंढा आला तर आपोआप शुल्क वाढवायची सोय मात्र मिळणार नाही, अशा अटींवर सही न करणे योग्यच होते. आजही माझे मत तेच आहे.

काळजी वाटते ती त्यानंतरच्या वर्षांची. उरलेल्या १५ देशांचा करार १ जानेवारी २०२२ पासून लागू होऊ लागला. त्यातला कळीचा नियम आहे मालाचे मूळ ठरवण्याचा. मोटारीसारख्या वस्तूत ४० टक्के मूल्य करारातल्या देशांचे असेल तर आयात शुल्कात सवलत मिळते. थायलंडमध्ये जुळणी होणाऱ्या गाडीत चिनी कास्टिंग (ओतीव सुटा भाग) बसवले तर ते त्या ४० टक्क्यांत धरले जाते, कोल्हापूरचे बसवले तर नाही. मालाचा दर्जा आणि दर सारखाच असला, तरी तिथला खरेदीदार कुणाकडे जाईल?

अमिराती, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांच्याशी आपण करार केले, त्याचे मनापासून स्वागत आहे. पण ते दोघा-दोघांतले आहेत. पाच देशांत फिरून तयार होणाऱ्या यंत्राला त्यांचा फारसा उपयोग नाही. चीनकडे पाहा. अमेरिकेने २०१७ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या देशांचा व्यापार करार (टीपीपी) सोडला, आणि चीनला दूर ठेवून आखलेल्या त्याच कराराच्या नव्या रूपात प्रवेशासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये चीननेच अर्ज केला. आरसेप तर त्याच्या हातात होताच.

आरसेपच्या मंत्र्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये भारतासाठी वेगळे निवेदन काढून दार उघडे ठेवले आणि निरीक्षक म्हणून बैठकांना बसण्याची मुभा दिली. त्यासाठी कसलीही शुल्ककपात करावी लागत नाही. ती खुर्ची आपण घ्यावी, आणि मूळ ठरवण्याच्या नियमांमुळे सुट्या भागांच्या निर्यातीवर काय परिणाम झाला याचा अहवाल मंत्रालयाने लोकांसमोर ठेवावा, एवढी विनंती आहे. दूध बाजूला ठेवून बोलणी होऊ शकतात, हे ब्रिटनच्या करारात आपणच करून दाखवले आहे.

आपला,
कोल्हापूरचा एक लघुउद्योजक